जित्या मावशीला हार

रत्नमालाच्या फोटोंचं शहरातलं पहिलंच प्रदर्शन. मधल्या भिंतीवर चिकलठाण्याची मालनमावशी खदखदून हसत होती. तोंड एवढं मोठं, की विमानानं त्यातच उतरावं!

सजावटवाल्यानं हौसेनं त्याच फोटोला झेंडूचा हार घातला. असा हार मेलेल्या माणसाच्या फोटोला! अन् तेवढ्यात मावशी दारात. नातेवाइकांची एक जरी तक्रार आली तर कॅमेरा कायमचा पेटीत, असं आईनं रत्नमालाला बजावलं होतं.

“काय गं भवाने, मला मारलंस व्हय?”

“नाय गं मावशे, त्या सजावटवाल्यानं...”

मावशीनं हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला. “लई झ्याक हसलेय गं मी! आता हारासंगट काढ एक.”

रत्नमालानं असा सुस्कारा सोडला, की भिंतीवरचे सगळे फोटो हलले म्हणं!