टाकीतली तिरकी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. आधीच सांगते, मला बघून नाक मुरडू नका. अंगावर शेवाळाचे डाग आहेत, एक कड कुजली आहे, खिळे गंजले आहेत, सगळं मान्य. पण जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी उमेदीची वर्षं परांचीवर गेली. इमारतीला लागून बांबू बांधतात आणि त्यांवर आडव्या फळ्या टाकून गवंडी उभे राहतात, तीच परांची. माझ्यावर जे गवंडी उभे राहत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. गिलावा करावा तर मिस्त्रींनीच! हाताखालच्या माणसांना दिवसभर एकच धोशा, “घोट, अजून घोट!”

त्यांच्या घरी नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं. म्हणून त्यांनी परसात सिमेंटची टाकी बांधली, छातीइतकी उंच आणि वरून उघडी. डास होऊ नयेत म्हणून आत गप्पी मासे सोडले. आंघोळ, धुणं, झाडं, सगळं त्याच पाण्यावर. आतला गिलावा त्यांनी दोन दिवस घोटला आणि शेजाऱ्यांना बोलावून म्हणाले, “हात फिरवून बघा. माशी बसली तर घसरून पडेल!”

माशी नाही पडली. महिन्याभरात एक खार पडली.

भर उन्हाळ्यात ती पाण्याला आली होती. सकाळी मिस्त्रींनी तिला बाहेर काढलं आणि आतल्या भिंतीवरून हात फिरवला. एवढी धडपडली असेल बिचारी, पण भिंतीवर एक ओरखडा नव्हता. टाकीभर पाणी झाडांना ओतावं लागलं आणि घराने दोन दिवस दोन हंड्यांवर काढले. पण मिस्त्रींना पाण्याचं दुःख नव्हतं. “माझ्या हाताची सफाई हिच्या जिवावर उठली,” असं ते एकटेच पुटपुटले. तेव्हा तिथे मीच होते, म्हणून मला ठाऊक.

त्याच दिवशी त्यांनी मला कापून बेताची केली, अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि टाकीत तिरकी टेकवली. एक टोक तळाला, एक काठावर. म्हणजे पाणी कमी असो की जास्त, पडलेल्याला वर यायला वाट हवी. पण कुणी विचारलं, “मिस्त्री, एवढ्या सुंदर टाकीत ही फळी कशाला?” की ते म्हणत, “अशीच पडलीय.” आपलं नावाजलेलं काम कुणाच्या जिवावर उठलं, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नसे.

मी नऊ उन्हाळे त्या टाकीत काढले. साळुंक्या आल्या, मधमाश्या आल्या, सरडे आले. एकदा सापही आला; पाणी प्यायला आणि गेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळ्यांत लाडकी माझी लांडी. लांडी म्हणजे अर्धी शेपटी तुटलेली खार. ती काठावरून न बघताच उडी मारायची, थेट माझ्या वरून तिसऱ्या पट्टीवर. मला कधी कुणी शाबासकी दिली नाही, पण तिच्या त्या उडीत मला सगळं मिळालं. मिस्त्री तिची वाट बघत रोज परसात बसायचे.

मग मिस्त्रींच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मुलगा त्यांच्याजवळ दवाखान्यात राहिला आणि घरी उरली सून, चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. पोर कामाला वाघ! जखमेला स्वच्छता हवी असं डॉक्टर म्हणाले, तशी तिने पदर खोचला. टाकी घासली, मासे बादलीत काढून परत सोडले, नवं पाणी भरलं. मला मात्र, “ई, किती बुळबुळीत झालीय ही!” म्हणून बाहेर काढलं आणि भिंतीशी उन्हात उभं केलं. तिच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

दुपारी लांडी आली. नेहमीसारखी, न बघता, तिने उडी मारली.

मी टाकीपासून दोन हातांवर उभी होते, मित्रांनो. फक्त दोन हातांवर. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता, मग येईनासा झाला.

संध्याकाळी सुनेने तिला झाडाखाली पुरलं. तेवढ्यात मिस्त्रींचा फोन आला, “लांडी येते ना गं पाण्यावर?”

“येते, बाबा,” ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

आठवड्याने मिस्त्री घरी आले. काठी टेकत आधी परसात आले, त्यांनी मला भिंतीशी पाहिलं आणि खुर्चीत बसले.

“बाबा, मला घाण वाटली म्हणून मी काढली. आणि तुमच्याशी खोटं बोलले,” सून म्हणाली.

त्यांनी तिला जवळ बसवून पहिल्या खारीचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, “रडू नकोस, पोरी. आधी खोटं मी बोललो. नऊ वर्षं सगळ्यांना सांगितलं, फळी अशीच पडलीय म्हणून. पोटच्या पोरालाही खरं सांगितलं नाही. तुला कुठून कळणार? जा, माझी छिन्नी-हातोडी आण.”

“अहो, टाके ओले आहेत अजून!”

“एकच घाव घालतो. पहिला माझाच हवा.”

टाकी रिकामी केली. काठावरून वाकून, जिथे गिलावा सगळ्यात जास्त चमकत होता, त्या कोपऱ्यात त्यांनी घाव घातला. त्यांचे डोळे भरले होते. पुढचं काम सुनेने केलं. चार दिवसांत तळापासून काठापर्यंत विटांच्या लहान लहान पायऱ्या झाल्या. मिस्त्री खुर्चीतून ओरडत होते, “घोटू नकोस गं! खरबरीत ठेव!” जन्मभर ‘घोट, घोट’ म्हणणारा माणूस!

टाकी भरली. दोन दिवसांनी एक छोटी खार पायऱ्या उतरून पाणी प्यायली आणि तुरुतुरु वर गेली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, थोडं लागलं मनाला. पण जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्या घरीही पाण्याचा हौद असेल, पिंप असेल. त्यात पडलेल्याला वर यायला वाट ठेवा. एखादी काठी, चार विटाही पुरतात. जुनी वस्तू हलवण्याआधी ती तिथे का आहे ते विचारा. आणि ठाऊक असेल तर सांगा हो, लाजू नका.

मी अजून टाकीशेजारीच आहे. येणारा-जाणारा विचारतो, “ही कुजकी फळी कशाला ठेवलीय?” सून हातातलं काम बाजूला ठेवते, माझ्याशेजारी बसते आणि पहिल्या खारीपासून सगळं सांगते.