अरेरे म्हणणारे डॉक्टर

गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचा हात फार हलका होता. दाढ काढून झाली तरी पेशंट विचारायचा, "सुरू कधी करणार?" दवाखाना लख्ख, खुर्ची नवीकोरी, दिवा असा की तोंडात भर दुपार व्हावी. तरीही बाहेरची खोली बहुतेक वेळ ओस पडलेली असायची आणि जे कोणी यायचे त्यातले निम्मे खुर्चीतून उठून पळायचे.

कारण एकच होतं. डॉक्टर तोंडात आरसा घालायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अरेरे."

त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. ती त्यांची घरची सवय. त्यांची आई दूध उतू गेलं तरी अरेरे म्हणायची आणि मुलगा वर्गात पहिला आला तरी अरेरेच म्हणायची. फरक असायचा तो सुरात. डॉक्टरांनी आईकडून शब्द उचलला, सूर तेवढा राहून गेला. किडलेली दाढ दिसली की अरेरे आणि मोत्यासारखे दात दिसले तरी अरेरे.

बाहेरच्या टेबलावर त्यांची थोरली बहीण बसायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. फोन घेणं, नंबर लावणं आणि पळालेल्या पेशंटची समजूत काढणं ही तिची कामं, आणि तिचा दिवस जायचा तो तिसऱ्या कामात.

एका सकाळी कोपऱ्यावरचा शिंपी दात साफ करून घ्यायला आला. आतून अरेरे ऐकू आलं आणि पाठोपाठ शिंपी बाहेर आला, गळ्यात कागदी रुमाल तसाच. ताई त्याच्या मागे धावली. तिला पाहून त्याने वेग वाढवला, दुकानात शिरून शटर अर्धं खाली ओढलं आणि फटीतून विचारलं, "ताई, खरं सांगा. किती दिवस आहेत माझ्या हातात?"

"अहो, तुमचे दात उत्तम आहेत."

"मग ते अरेरे कशाला?"

"ते कौतुक होतं त्याचं."

शिंप्याने उरलेलं शटरही खाली ओढलं.

त्या दुपारी ताईने भावाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "हे बघ, हात सोन्याचा असून उपयोग काय? जिभेला हाड नाही तुझ्या. आजपासून अरेरे बंद. तोंडाशी आलं की गिळायचं आणि म्हणायचं, वा."

"काहीही दिसलं तरी?"

"काहीही दिसलं तरी."

तिने त्याच्यासमोर करपलेला टोस्ट ठेवला. तो म्हणाला, वा. बंद पडलेलं घड्याळ ठेवलं, विरलेला टॉवेल ठेवला, शाळेतला डोळे मिटलेला त्याचाच फोटो ठेवला. वा, वा आणि वा. डॉक्टर पहिल्यापासून अभ्यासू. दिलेला धडा त्यांनी इतका घोटला की दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू पायाला प्लास्टर घालून जिना उतरताना दिसल्या, तेव्हाही ते मनापासून म्हणाले, "वा." काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मग आले गायनमास्तर. हे शाळेत मुलांना समूहगीतं शिकवायचे. डाव्या बाजूची दाढ ठणकते म्हणून ते खुर्चीत बसले आणि डॉक्टरांनी "आ करा" म्हणताच त्यांनी रीतसर सूर लावला.

डॉक्टरांनी आरसा घातला. दाढ आतून मडक्यासारखी पोकळ झाली होती. "वा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांना ही दाद वाटली. त्यांनी डोळे मिटून सूर आणखी वर नेला. आता डॉक्टरांना वरचा मोडका दात दिसला. "वा, वा."

मास्तर भरून पावले. खुर्चीतून उतरले, मान झुकवली आणि डॉक्टर हातमोजे काढेपर्यंत बाहेरसुद्धा पडले. जाताना ताईला म्हणाले, "ठणका आहे थोडा, पण डॉक्टर तीनदा वा म्हणाले. काळजीचं कारण नाही."

काही दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या गालात चेंडू ठेवल्यासारखं दिसत होतं. "थुम्हीच वा म्हणालाथ," ते म्हणाले आणि रागारागाने खुर्चीत आडवे झाले.

डॉक्टरांनी आरसा घातला. अरेरे घशाशी आलं, ते त्यांनी गिळलं. वा ओठांवर आलं, पण दारात ताई डोळे वटारून उभी होती; तेही गिळलं. मग बोलायला काही उरलंच नाही.

मास्तरांनी आरसा बाजूला सारला. "इथकं वाईट आहे का, की वासुद्धा म्हणवथ नाही?"

डॉक्टर स्टुलावर बसले. "मास्तर, खरं सांगू? माझ्याकडे एका वेळी एकच शब्द असतो. मागचा चुकला."

"मग दिसथंय थे सांगा की. माझं थोंड मला दिसथ नाही. थुम्ही एकटेच बघथा आणि एकटेच आश्चर्य करथा. मी काय समजायचं?"

हे डॉक्टरांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दिवा ठीक केला आणि जपून बोलायला सुरुवात केली. "खालची डावी, शेवटची दाढ. किडली आहे. मुळाशी पू झालाय, म्हणून गाल सुजला. आधी भूल देतो. मग दाढेला वरून वाट करून पू काढतो, ठणका उतरेल. मूळ पुढच्या वेळी साफ करू. दाढ वाचेल. मधे दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन."

"नक्की थांबाल?"

"करून बघा."

मास्तरांनी हात वर केला. डॉक्टर थांबले, तसं काही सुरू झालंच नव्हतं. मास्तरांनी पुन्हा केला. डॉक्टर पुन्हा थांबले. मास्तरांचा विश्वास बसला.

भूल चढली, ड्रिल घुर्र करू लागलं आणि मास्तरांचा हात वर गेला. डॉक्टर थांबले. हात खाली आला, ड्रिल सुरू. हात वर, ड्रिल बंद. बराच वेळ हे असंच चाललं.

"मास्तर, दुखतंय का?"

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग हात?"

"थाल," मास्तर म्हणाले. यंत्र फार बेताल चालतं, त्यांना राहवलं नाही.

ताल उजव्या हाताने द्यावा असं ठरलं. उजव्या हाताने पहिल्याच ठोक्याला पाण्याचा ग्लास उडवला. शेवटी ताईने आत येऊन तो हात धरून ठेवला, तेव्हा कुठे पू निघाला. मास्तरांचा चेहरा सैल झाला. घरी जाऊन त्यांनी गोळी घेतली आणि रात्रभर गाढ झोपले.

पुढच्या महिन्यात त्यांनी अख्खं समूहगीत दवाखान्यात पाठवलं, मग मुलांचे आईबाप आले. डॉक्टर प्रत्येकाला काय दिसतंय, काय करणार, किती वेळ लागेल ते सांगत राहिले आणि कुणी पळेनासं झालं.

फक्त त्यांना आता थांबता येईना. घरी जेवतानाही ते म्हणायचे, "आता मी वाटी पुढे ओढतोय. थोडा आवाज होईल." ताई ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची, तर तिकडे हाक यायची, "आता मी पाणी पितोय."

एका दुपारी पेशंट संपल्यावर ताई आत आली आणि गुपचूप खुर्चीत बसली. "उजवीकडची एक दाढ दुखतेय. बरीच वर्षं."

"वर्षं? आणि मी इथेच होतो की."

"भीती वाटायची."

"कशाची?"

"तुझीच, दुसऱ्या कुणाची?"

 डॉक्टरांनी हात धुतले, दिवा ओढला आणि सांगायला लागले. त्यांनी प्रत्येक दाताबद्दल सांगितलं, शेजारच्या दाताबद्दल सांगितलं, कापूस कुठे ठेवतोय ते सांगितलं. दाढ भरून होईपर्यंत ताई तोंड उघडं ठेवूनच झोपी गेली होती. ती घोरायला लागली, तरी डॉक्टर हळू आवाजात सांगतच होते.