दोघांपुरता पन्हा

शांतम्माने दोरीचा फास चौथ्या ड्रमच्या गळ्यात अडकवला, ओढून बघितला आणि दोन पावलं मागे सरली. गच्चीवर हिरवा तंबू ताठ उभा होता. सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून चारी कोपरे पाण्याच्या ड्रमना बांधायची युक्ती तिची. सकाळीच टँकर येऊन गेला होता आणि ड्रम गळ्यापर्यंत भरलेले होते. लातुरात त्या उन्हाळ्यात भरलेला ड्रम म्हणजे श्रीमंती. त्या श्रीमंतीला तंबू बांधणारी बाई गावात बहुधा ती एकटीच असावी.

“या की वर!” तिने जिन्यात वाकून हाक मारली. “कालच्यापेक्षा लवकर उभा केलाय!”

महादेवप्पा सावकाश वर आले. कापडाचं दुकान आता पुतण्यांनी सांभाळायला घेतलं होतं, तरी सदऱ्याच्या खिशातली कात्री काही सुटली नव्हती. त्यांनी तंबू पाहिला नाही, आधी कापड पाहिलं. अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळलं, उजेडासमोर धरलं.

“हे तर अस्तराचं कापड हाय.”

“नायलॉन हाय. डोंगरात समदे असलंच नेतात, सिद्धलिंग म्हणला.”

“पन्हा बी कमी. रुंदीला दोघांना पुरायचा न्हाई.”

“मग आडवं होऊन बघा. उभ्यानं पन्हा कळत असतोय व्हय?”

पुण्याला नोकरी करणाऱ्या सिद्धलिंगने आईच्या हट्टापायी दोन तंबू मागवून दिले होते. पसंत पडेल तो ठेवायचा. दुसरा न्यायला आज संध्याकाळी कुरिअरवाला येणार होता. आतल्या शिवणीला लावलेलं लेबल तेवढं काढू नका, असं त्याने फोनवर बजावून सांगितलं होतं. लेबल काढलं की माल परत घेत नाहीत. हे ऐकून महादेवप्पा खूश झाले होते. त्यांच्या दुकानातही गल्ल्याच्या वर पाटी होती: ‘कात्री लागलेला माल परत घेतला जाणार नाही.’ जगात कुठेतरी अजून शिस्त आहे, असं त्यांना वाटलं.

काल नारिंगी तंबू पाहून झाला होता. तो चांगला उंच होता, आत ऐसपैस बसता येत होतं. पण महादेवप्पांनी तो पिशवीत घालून खांद्याला लावला, गच्चीभर एक फेरी मारली आणि म्हणाले, “हे वझं घेऊन चढ चढायचा? या वयात?” आज हिरवा हलका होता, पिशवीत घातला की उशीएवढा, तर त्याचं कापड अस्तराचं निघालं. शांतम्माला ही चाल ओळखीची होती. नवऱ्याने तिला आयुष्यात कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ते फक्त मालात खोट काढायचे.

लातूर जिल्हा झाला त्या साली त्यांचं लग्न झालं. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या, सगळ्यांना पडदे हवेत, टेबलांना कापड हवं. “एवढे कचेरीचे पडदे होऊ दे, मग कुलूला जाऊ,” महादेवप्पा म्हणाले होते. ते पडदे विटले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही विटले. एकत्र कुटुंबात बारा माणसं, आणि या दोघांची खोली म्हणजे दुकानाचं गोदाम. दाराला आतून कडी नव्हती, कारण पॉपलिनचा ताका केव्हा लागेल ते सांगता येत नसे. नवी सून असताना शांतम्मा ताक्यांच्या थप्पीआड साडी नेसायची. त्याचं दुःख करत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. पण कुलूच्या पुढे डोंगरात चालत जायचं, पाठीवर आपलं घर घ्यायचं आणि रात्री दोघांनीच त्यात निजायचं, हे तिच्या मनाने घेतलं होतं, आणि आता ते तिला लहान मुलीसारखं हवं होतं. हे दोन्ही तंबू आज परत गेले तर पुन्हा कधी नाही, हेही तिला माहीत होतं.

ती गुडघे टेकून आत शिरली आणि चेन ओढली. सर्रकन दार बंद. उघडली, पुन्हा बंद केली.

“काय करायलीस गं?”

“आतून लागतंय!” ती आतूनच ओरडली. “अहो, आतून लागतंय हे!”

महादेवप्पांना हसू आलं. ते त्यांनी मिशीतच ठेवलं आणि वाकून आत आले. मांडी घालून, पाठ ताठ करून बसले, तसं डोकं छताला लागलं. त्यांनी डावा तळहात छातीपुढे धरून पाहिला. रोज दोन्ही वेळा गळ्यातलं लिंग याच तळहातावर घेऊन ते पूजेला बसत. ती पूजा कधी चुकली नव्हती.

“बघ. पूजेला बसता येत न्हाई. पूजा सोडून डोंगर बघायचा व्हय?”

शांतम्माचाही नेम तोच होता.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून कस्तुराबाईंची हाक आली. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. कस्तुराबाई अंगणवाडीत नोकरीला होत्या. त्यांचं दार मागच्या गल्लीत, आणि टँकर तिकडे न वळताच गेला होता.

“अक्का, घागरभर मिळंल का? सोलापूरहून पाव्हणे आलेत.” मग त्यांना तंबू दिसला. “अगं बाई, हे काय मांडलंय?”

“घर हाय आमचं,” शांतम्मा बाहेर येत म्हणाली. “आण घागर. घागरीनं काय हुतंय, कॅन बी आण. तुमी द्या हो भरून, मी पूजेचं घेऊन येते. वाकून बसता येतंय का बघू तरी.”

महादेवप्पांनी जवळच्या ड्रममध्ये नळी सोडली. घागर भरली, कॅन भरले, पाहुण्यांचं म्हणून आणखी एक बादली भरली. पाणी द्यायला लागल्यावर हात आखडणारा माणूस तो नव्हता. एक ड्रम तळाला गेला तशी त्यांनी नळी दुसऱ्यात घातली, तोही तळाला नेला. कस्तुराबाई “बास अप्पा, बास” म्हणत राहिल्या. नंतर महादेवप्पा हातपाय धुवायला खाली गेले. ते दोन्ही ड्रम नुसते पाण्याचे नसून तंबूचेही होते, हे तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

उन्हं कलताना वारा सुटला. शांतम्मा विभूती आणि पाण्याची वाटी घेऊन जिन्यात होती तेव्हा वर पहिला दणका झाला. रिकामा ड्रम कठड्यावर आपटला होता. ती वर पोचली तोवर तंबू डोक्यावर उभा राहिला होता. दुसरा ड्रम लोळला, भरल्या ड्रमांच्या गळ्यातले फास सुटून वर आले, आणि तिचं घर कठडा ओलांडून निघालं.

“कस्तुरे! धर!”

कस्तुराबाईंनी हातातली भरली घागर आधी नीट खाली ठेवली आणि मग तंबूवर आडवी उडी घेतली.

“धरलंय अक्का!” त्या हिरव्या ढिगाऱ्यातून ओरडल्या. “पाव्हणे, इकडं या, घर पळायलंय!”

चार माणसांनी धरून तंबू कठड्यावरून परत दिला तेव्हा सगळे हसत होते, शांतम्मासुद्धा. हसता हसताच तिला जिन्याच्या तोंडाशी ओल्या पायांनी उभे असलेले महादेवप्पा दिसले आणि तिचं हसू मावळलं. आता यांना अशी खोट सापडली होती की पुढे बोलणंच नको. उडणारा तंबू. तिचे डोळे भरून आले.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “दोन्ही बी देऊन टाका परत.”

महादेवप्पांनी चष्मा लावला आणि सगळा तंबू बोटांखालून सरकवला, ठिगळाचं लुगडं तपासावं तसा. कठड्याला घासलेली जागा दोनदा पाहिली, ताणली, नखाने खरवडली.

“फाटलं न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले. “दोरा चांगला हाय.”

मग तिच्या हातातली वाटी घेऊन ते तंबूत गेले. दोऱ्या कशालाच बांधलेल्या नव्हत्या, तंबू नुसता आपल्या कांबींवर उभा होता. शांतम्मा बाहेर उभी राहून पाहत होती. त्यांनी मांडी घातली. डोकं छताला लागलं तशी मान खाली घातली, आणखी थोडी घातली. लिंग तळहातावर घेतलं, वाटीतल्या पाण्याचे चार थेंब त्यावर सोडले. वाऱ्याने कापड थरथरत होतं. पूजा रोजच्याएवढीच वेळ चालली, मान एकदाही वर झाली नाही.

“बसता येतंय,” डोळे उघडून ते म्हणाले. “त्याच्यापुढं मान वाकलीच पायजे की. तू ये आत. माझं झालं.”

तिने आत जाऊन पूजा केली. ते बाहेर कठड्याला टेकून बसले. तिची पूजा होते न होते तोच वारा पुन्हा आला आणि तंबूच्या तळाच्या कापडाची, ते बसले होते ती रिकामी बाजू वर उचलली गेली. शांतम्माने दोन्ही हातांनी ती दाबायला घेतली. महादेवप्पा झटकन आत आले आणि आपल्या जागेवर बसले. ती बाजू खाली बसली. वारा येऊन गेला, आणखी एक आला. तंबू नुसता थरथरला.

महादेवप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोघांच्या मधल्या जागेकडे. गुडघ्याला गुडघा लागत होता.

“एकटीला घेऊन उडंल हे,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय. दोघं बसलो की राहतंय.”

खाली रस्त्यावरून कुरिअरवाल्याने आवाज दिला.

“कोणता न्यायला सांगू?” शांतम्माने विचारलं.

महादेवप्पांनी खिशात हात घातला. कात्री काढली. आतल्या शिवणीवरून बोट फिरवत त्यांनी लेबल शोधलं, दोन बोटांत ताणून धरलं आणि चाळीस वर्षं ताके कापत आले तसं, एका फटक्यात, कापून टाकलं.

शांतम्मा त्या कापलेल्या लेबलाकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि तंबूची चेन आतून ओढून घेतली. खाली कुरिअरवाला दुसरी हाक मारत होता.