हाताने भरायचा चौकोन

मी एक रिकामा चौकोन बोलतोय. परदेशी कामावर पाठवायच्या माणसाचा खर्च किती येईल, हे आधीच सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी राहतो. माझे शेजारी भलतेच हुशार. विमानाचं तिकीट, घरभाडं, विमा, सगळे आपापले आकडे आपणच मांडतात. माझ्या वाट्याला आला परक्या देशातला कर. काही देशांचे नियम आमच्या सॉफ्टवेअरच्या डोक्यावरून जातात. मग तिथला करसल्लागार आकडा कळवतो आणि ताई तो माझ्यात भरते. मला हाताने भरावं लागतं आणि हातानेच पुसावं लागतं. शेजारी मला ढ समजतात. समजोत बापडे.

ताई म्हणजे या ऑफिसात खर्चाचे अंदाज काढणारी. आकडा भरताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते, मग पुन्हा ताडून पाहते. तिचा माझ्यावर जीव आहे, असं मला उगाच वाटतं.

एकदा एका इंजिनिअरची परदेशी नेमणूक आली. त्याला म्हाताऱ्या वडिलांना सोबत न्यायचं होतं. ताईने मला भरलं आणि खालची बेरीज लालभडक झाली. खर्च कंपनीच्या मर्यादेबाहेर गेला होता.

"वडिलांना इथंच ठेवायला सांगा," साहेब म्हणाले. "आपण माणूस पाठवतोय, बिऱ्हाड नाही."

इंजिनिअर ताईच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, बाबांना माझ्याशिवाय कोणी नाही हो. गॅस चालू ठेवून फिरायला जातात. त्यांना सोडून मी कसा जाऊ?"

ताईला चैन पडेना. तिने करसल्लागाराला फोन लावला. "वडील त्यांच्यावरच अवलंबून आहेत. त्याची सूट धरलीत का?"

धरलीच नव्हती! दुसऱ्या दिवशी नवा, लहान आकडा आला. तो माझ्यात पडला आणि बेरीज हिरवी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा अभिमान वाटला.

"बाबांनी बॅग भरलीसुद्धा!" इंजिनिअर हसत सांगत होता. "सगळे सुती सदरे. तिथं बर्फ पडतो म्हटलं, तर म्हणतात, पडू दे, मी घरातच बसणार आहे."

निघायच्या आठवड्यात बाबा झोपेतच गेले.

ताईने सोबत येणाऱ्यांच्या जागी शून्य टाकलं. तिकीट गेलं, विमा गेला, मोठ्या घराचं भाडं उतरलं. माझ्या हुशार शेजाऱ्यांना बाबांना विसरायला क्षणही लागला नाही.

"वा, आता तर मर्यादेत आरामात बसतंय," साहेब बोलून गेले आणि मग खाली बघत राहिले.

मी मात्र तसाच होतो, बाबांची सूट पोटाशी धरून.

काही दिवसांनी इंजिनिअर सही करायला आला. "बाबांचं सगळं निघालं ना, ताई?"

"एवढा एक आकडा राहिलाय. तो आपोआप जात नाही." ताईने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "नवा आकडा केव्हाच आलाय, पण माझा हात धजत नाही."

"मी काढू?"

तो तिच्या खुर्चीत बसला आणि शेवटापासून एकेक अंक पुसत गेला. उरलेल्या एका अंकाशी बराच वेळ थांबला. मला फार वाईट वाटत होतं, पण मला त्याच्याशी बोलता कुठे येतं? मग त्याने तोही पुसला.

तो एकटाच गेला. ताई सांगत होती, सुती सदऱ्यांची बॅग त्याने तशीच बरोबर नेली.

आता माझ्यात अगदी बिनचूक आकडा आहे. पुढच्या वर्षी मलाही आपोआप बदलायला शिकवणार आहेत म्हणे. शेजारी म्हणतात, सुटलास! पण तुमच्यापैकी कुणाच्या हातात असेल, तर एवढं ऐका. मला शिकवू नका. मी ढ होतो, म्हणून बाबा माझ्यात चार दिवस जास्त राहिले.