काकांना एकदा विचारून घ्या

माझी बायको आसावरी गेली, हे तिच्या आईला कळायच्या आधी मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. मी तेव्हा हॉस्पिटलमध्येच होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला एका छोट्या खोलीत बसवलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता, आम्हाला तो थांबवता आला नाही, असं सांगितलं. मी एकच फोन केला. मंडळाच्या अध्यक्ष पद्मजाताईंना. म्हटलं, कोणीतरी घरी जाऊन सासूबाईंजवळ बसा, पण त्यांना काही सांगू नका, मी येऊन सांगतो.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घरी पोचलो तर दारात चपला मावत नव्हत्या. ओट्यावर खिचडीची तीन पातेली येऊन पडली होती. सासूबाई अनयाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमची अनया आठवड्याची होती. कुणीतरी बाई दार उघडताच त्यांच्या गळ्यात पडून रडली होती, तेवढ्यावरून त्यांना कळलं.

सोफ्यावर मधोमध शशिकांतकाका बसले होते.

"पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया," ते सगळ्यांना समजावत होते. "डिलिव्हरीनंतर बीपी शूट होतं. फार रेअर. यात कोणाच्याच हातात काही नसतं."

लोक माना हलवत होते. मीही तिथे उभा राहून ऐकलं.

शशिकांतकाकांबद्दल सांगितलं पाहिजे. ते हाडांचे डॉक्टर. तीसेक वर्षं त्यांनी ह्यूस्टनमधल्या लोकांचे गुडघे बदलले आणि मग रिटायर झाले. आमच्याकडची पद्धत अशी की पोराला ताप आला, काकांना फोन. अंगावर पुरळ उठलं, काकांना फोटो. दिवस गेले, काकांना पेढे आणि पाठोपाठ प्रश्न. हॉस्पिटलला फोन लावला तर आधी मशीन बोलतं, मग नर्स बोलते, तिला 'कसंतरीच होतंय' हे इंग्रजीत सांगता येत नाही. काकांना मराठीत सांगता येतं. शिवाय त्यांना न विचारता कोणी इमर्जन्सीत गेलं, तर पुढच्या गणपतीत ते टोमणा मारतात, "काय, आता आमची गरज नाही वाटतं?" मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं या टोमण्याला घाबरतात. मी पाइपलाइनवर व्हॉल्व्हचं काम बघतो. गेजचा काटा लाल रंगात गेला तर आम्ही कुणा काकांना विचारत नाही, लाइन बंद करतो. पण ही अक्कल आमच्यातला प्रत्येक जण ऑफिसातच ठेवून घरी येतो.

बाळंत होऊन घरी आल्यावर आसावरीचं डोकं दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतवारा. त्यांनी तिचे कान बांधले, एसी बंद केला. शुगर लँडच्या ऑगस्टमध्ये एसी बंद. डोकं थांबेना. चेहरा सुजला, बोटातली अंगठी निघेना. मी म्हटलं, हॉस्पिटलला जाऊ. आसावरी म्हणाली, "थांब, काकांना एकदा विचारून घेऊ. नाहीतर म्हणतील, लगेच पळाले."

फोन स्पीकरवर होता.

"अगं, झोप नाही म्हणून दुखतंय," काका म्हणाले. "बाळ झोपलं की तू झोप. टायलेनॉल घे."

"काका, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं पण होतंय."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. प्रेग्नन्सीत वाढतो."

"आईचं बीपीचं मशीन आहे इथे. बघू का?"

सासूबाईंनी पुण्याहून मशीन आणलं होतं. रोज सकाळी त्या स्वतःचं बीपी बघायच्या. ते मशीन टेबलावर, फोनच्या शेजारीच होतं.

"कशाला? आकडा बघशील आणि उगाच घाबरशील," काका हसले. "तुमच्या पिढीला गूगलने भित्रं केलंय यार. आमच्या आया शेतात बाळंत व्हायच्या."

त्यांची आई दादरच्या नर्सिंग होममध्ये बाळंत झाली होती. हे त्यांनीच एका पिकनिकला सांगितलं होतं.

आसावरीही हसली. मशीन तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अनयाला पाजताना तिला झटके आले. ॲम्ब्युलन्सवाल्याने पहिलं काम काय केलं, तर दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं.

महिन्याभराने पद्मजाताई घरी आल्या. मंडळ आसावरीच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवणार होतं, 'गरोदरपण आणि बाळंतपण: घ्यायची काळजी'.

"वक्ते कोण?" मी विचारलं.

"अर्थात काका. त्यांनी लगेच हो म्हटलं. किती मनाला लावून घेतलंय त्यांनी, कल्पना नाही तुम्हाला."

"ठेवा," मी म्हटलं. "फक्त एक अट. आसावरीने त्यांना फोन केला होता आणि त्यांनी तिला काय सांगितलं, ते त्यांनी तिथे सांगायचं. तेवढं सांगितलं की पुढची बाई फोन त्यांना लावणार नाही, हॉस्पिटलला लावेल."

त्यांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी काका स्वतः आले. हातात श्रीखंडाचा डबा. दुखवट्याच्या घरी श्रीखंड आणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"हे बघ निहार," ते म्हणाले, "फोनवर कोणी डायग्नोसिस करत नसतं. मी डॉक्टर म्हणून नव्हतो बोललो. काका म्हणून बोललो."

"मग काका म्हणून सांगा."

"लोकांचा विश्वास उडेल रे."

"तेवढ्यासाठीच सांगायचंय."

"आणि तू? नवरा होतास ना? तू का नाही गाडी काढलीस?"

"नाही काढली. हे मी त्याच माइकवर सांगतो. मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगा."

त्यांनी अनयाच्या पाळण्याला एक झोका दिला. मग म्हणाले, "बघतो." मला वाटलं, हो म्हणाले.

व्याख्यान लायब्ररीच्या हॉलमध्ये झालं. समोसे होते. आसावरीच्या फोटोला हार घातला होता. काकांनी रंगीत स्लाइड दाखवल्या. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड, मग आयर्न, बाळंतपणानंतर मेथी आणि डिंक. एका स्लाइडवर, 'डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका.' ती स्लाइड ते चार सेकंदांत ओलांडून गेले. फोनचा उल्लेख नाही. शेवटी त्यांनी डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग शिवांगी नावाची मुलगी उठली. आठवा महिना. "काका, माझे पाय खूप सुजतायत आणि कालपासून डोकं दुखतंय. तुम्हाला नंतर फोन केला तर चालेल ना?"

"एनी टाइम, बेटा."

मी उभा राहिलो. पद्मजाताई "प्रश्न नंतर, प्रश्न नंतर" म्हणत माइक घेऊन माझ्यापासून लांब गेल्या. म्हणून मी माइकशिवायच बोललो. आसावरीने काय विचारलं आणि काकांनी काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. चष्म्याचा नंबर, मशीन, शेतातली आई. मी गाडी काढली नाही, तेही सांगितलं. आणि शिवांगीला म्हटलं, "यांना फोन करू नको. डोकं थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतं, तोंड-हात सुजतात, यातलं काहीही झालं तर आत्ता हॉस्पिटल. बाळ पोटात असलं तरी आणि बाहेर आलं तरी. तिथे सांगायचं, आधी बीपी बघा."

काका बूट बघत होते. मग पद्मजाताई माइकवर हळूच म्हणाल्या, "निहार फार दुःखात आहेत. आपण सगळे त्यांच्या पाठीशी आहोत." आणि त्यांनी चहा जाहीर केला. अर्ध्या मिनिटात हॉलमध्ये समोशांच्या चटणीची चर्चा सुरू झाली. दोघातिघांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. दुःखात असलेला माणूस खरं बोलत असेल, हे या शिकलेल्या लोकांच्या डोक्यात येत नाही.

शिवांगी मात्र चहाला थांबली नाही. तिचा नवरा यतीन तिला तिथूनच हॉस्पिटलला घेऊन गेला. बीपी खूप वाढलेलं होतं. तिला ठेवून घेतलं, पुढच्या आठवड्यात मुलगा झाला. लहान आहे, पण ठीक आहे. तीही ठीक आहे. यतीनने मला फोन करून सांगितलं. त्याला रडू आवरत नव्हतं.

ग्रुपवर पद्मजाताईंनी लिहिलं, 'शशिकांतकाकांच्या व्याख्यानामुळे एका आईचा जीव वाचला.' खाली हात जोडलेले आणि फुलं. काकांनी उत्तर दिलं, 'मी निमित्तमात्र.'

काल एका बाईंनी त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे. ती पानं वाढता वाढता म्हणाली, पोटात दुखत होतं, काकांना विचारलं, गॅस आहे म्हणाले. मी ताट बाजूला सारलं आणि तिला तिच्या डॉक्टरला फोन लावायला लावला. तिच्या सासूला ते आवडलं नाही.

'आसावरीने मला फोन केला होता आणि मी तिला बीपी बघू नको म्हणालो', हे शशिकांतकाकांनी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.