गणपतीला देतो

सुजितची नियत वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट होती ती सवय. बोर्ली पंचतनात निम्म्या घरांची देणी गणपतीला नाहीतर शिमग्याला फिटतात, मुंबईहून चाकरमानी आले की. तोवर किराणावाला थांबतो, गवंडी थांबतो. सुजितच्या शिलाईचे पैसेही असेच अडकलेले. मग सोनूबाई भाड्यासाठी थांबल्या तर कुठे बिघडलं, असं त्याला वाटे.

सोनूबाई म्हणजे त्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. मूलबाळ नाही, मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. भाडं दोन हजार, पाच तारखेचं. त्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, इकडचं तिकडचं बोलत, पण पैशाचा विषय काढत नसत. मागायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

"काकी, हे पाचशे ठेवा. बाकीचे गणपतीला देतो."

"व्हय रे, कुठं पळतायत," म्हणत त्या उठत.

एकट्या बाईला लागतं काय, वाटीभर भात! सुजितला हे मनापासून पटलं होतं. गाढव लेकाचा.

यंदा गणपतीत शिलाईचे सगळे पैसे आले. थकलेलं भाडं खिशात घालून तो घरून निघाला, तर वाटेत औषधांच्या दुकानातल्या प्रणयने हाक मारली.

"सोनूबाईंचे डोळ्यांचे थेंब घेऊन जा. काचबिंदूचे आहेत. बाटली महिनाभर पुरते, पण तुझं पूर्ण भाडं आलं तरच नेतात. मधले कितीतरी महिने कोरडेच काढले त्यांनी. उजवा डोळा गेला, तो आता परत यायचा नाही म्हणाले डॉक्टर."

"मला बोलल्या का नाहीत?"

"दर पाच तारखेला तुझ्या पायरीवर येऊन बसत होत्या की."

बाटलीचे पैसे सुजितनेच दिले.

सोनूबाईंच्या हातावर त्याने नोटा ठेवल्या तेव्हा त्याला त्यांच्याकडे बघण्याचीही लाज वाटत होती. "सगळे आहेत, काकी. मोजून घ्या."

"तू सांगतोस ना, मग झालं."

आता तो एक तारखेलाच भाडं देतो, पुरतं. "एवढी कसली घाई हाय?" असं त्या दर वेळी म्हणतात, आणि एकेक नोट डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघतात. त्या बघून होईस्तोवर सुजित पायरीवर बसून राहतो.