निळी टाकी, चारशे बारा

निळी टाकी, चारशे बारा मीटर. पेट्रोल पंपाचा फलक, दोनशे सदुसष्ट.

एफ, ई, एल, ओ, पी, झेड, डी. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची अगदी खालची ओळ. उपेंद्र जेवणाच्या टेबलावर डोळे मिटून ती म्हणून दाखवायचा. "झालं लायसन्स रिन्यू," म्हणायचा. सगळे हसायचे.

डोंगरातला रानबोकड माणसाला वासावरून ओळखतो. म्हणून त्याच्या जवळ जाता येत नाही. लांबूनच अंतर कळावं लागतं, आणि बरोबर कळावं लागतं.

धुकं. उपेंद्र गेला तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने हाच शब्द वापरला होता.

हम्मादनी लँड क्रूझरची चावी गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि हात पुढे केला.

"दे."

प्रमोदिनीने पहिली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. दुकान तीन मजले खाली होतं, पण दुर्बीण दुकानात दाखवायची नाही हा नियम तिच्या नवऱ्याने, उपेंद्रने घालून दिला होता. समोरच्या भिंतीकडे बघून दुर्बीण घेणं म्हणजे बसल्या बसल्या बूट घेणं, असं तो म्हणायचा. गिऱ्हाईक अबुधाबीतलं असो, अल ऐनहून आलेलं असो, त्याला लिफ्टने गच्चीवर आणायचं, शाळेच्या इमारतीवरची निळी टाकी दाखवायची, पेट्रोल पंपाचा फलक दाखवायचा, आणि बटण दाबायला सांगायचं. दुर्बिणीतून लेझर सुटायचा आणि आतल्या काचेवर अंतराचा आकडा उमटायचा. उपेंद्र गेल्यावर दुकान प्रमोदिनी आणि तिची मुलगी पर्णिका चालवत होत्या. टाकी, फलक आणि नियम तेच राहिले होते.

हम्माद या गच्चीवर पहिल्यांदा आले तेव्हा पर्णिका शाळेतही जात नव्हती. दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक, आणि उपेंद्रचे मित्र. सगळे त्यांना अबू अहमद म्हणत, अहमदचे वडील. तो अहमद आता तिशीचा होता आणि त्यांच्या शेजारी उभा राहून फोनवर ताजिकिस्तानातल्या डोंगरांचे फोटो सरकवत होता. परवाना आला होता, विमानाची तिकिटं झाली होती. राहिली होती फक्त दुर्बीण.

"आंटी, चांगली द्या," अहमद म्हणाला. "गेल्या वर्षी बोकड जखमी होऊन निघून गेला. दोन दिवस शोधला आम्ही. वाऱ्याने घात केला."

"वारा होता," हम्माद म्हणाले.

त्यांच्या घरात बंदूक धरणारा अंतर बघत नाही. अंतर वडील माणूस सांगतो. हम्मादच्या वडिलांनी हम्मादना सांगितलं होतं, नुसत्या डोळ्यांनी. हम्माद अहमदला सांगतात. सांगणाऱ्याचा आकडा बंदूक धरणारा पडताळून बघत नाही. पडताळणं म्हणजे वडिलांचा अपमान. त्या डोंगरात समोरच्या उतारावर वाटाडे चालत असतात, तरीही नाही.

"दोन आहेत," प्रमोदिनी म्हणाली. तिचं आणि हम्मादचं बोलणं नेहमी हिंदीत चाले. त्यांचं हिंदी तिच्यापेक्षा सफाईदार होतं. "ही काळ्या आकड्यांची. दुसरी लाल आकड्यांची. लाल जरा जड आहे."

हम्मादनी काळी डोळ्यांना लावली. मधलं चाक फिरवलं, थोडं मागे, थोडं पुढे. पंपाच्या दिशेने वळले. बटण दाबलं.

"दोनशे सदुसष्ट."

मग शाळेकडे.

"चारशे बारा. मस्त आहे. स्वच्छ दिसतं."

पर्णिकाने खोके बंद करता करता मान वर केली. ती याच शहरात वाढलेली. मराठी सगळं कळायचं, तोंडातून इंग्रजी यायचं. आईच्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "आई, दॅट वन इज इन यार्ड्स. सकाळच्या ब्रिटिश माणसासाठी मी चेंज केलं होतं. आय फरगॉट टू—"

प्रमोदिनीने तिचं मनगट दाबलं. दाबलं ते जरा जास्तच जोरात.

यार्डात निळी टाकी चारशे बारा असूच शकत नाही. यार्डात आकडा मोठा येतो.

प्रमोदिनीने हम्मादच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दाढी पूर्वीपेक्षा पांढरी. अंगातला पायघोळ कंदुरा नेहमीसारखा कडक इस्त्रीचा. दुर्बीण अजून डोळ्यांना होती आणि ओठांवर समाधान होतं.

"ही एकदा बघा," ती म्हणाली आणि लाल आकड्यांची पुढे केली. या दुर्बिणीतला आकडा पेटलेल्या विडीसारखा दिसतो. आजवर कुणी दिसला नाही म्हटलं नव्हतं.

हम्मादनी ती डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली.

"नको. लाल डोळ्यात जातो. काळीच बरी."

"सगळे उलटं म्हणतात, अबू अहमद."

"सगळे माझ्याबरोबर डोंगरात येतात का?"

अहमद हसला. प्रमोदिनीही हसली, कारण हसणं अपेक्षित होतं. मग तिने हात लांब केला.

"ती क्रेन दिसते? टाकीच्या डावीकडे. पिवळी. तिच्यावर धरा बघू."

क्रेन गेल्या महिन्यात उभी राहिली होती. तिचं अंतर या गच्चीवर अजून कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

हम्मादनी काळी दुर्बीण पुन्हा घेतली. वळले. बटण दाबलं. परत दाबलं. कोपर कठड्याला टेकवलं. खालून एका टॅक्सीचा हॉर्न आला आणि थांबला. अहमदने फोन खिशात टाकला.

"धूळ आहे आज," हम्माद म्हणाले. "लेझर परत येत नाही."

हवा स्वच्छ होती. क्रेनच्या केबिनच्या काचेवर ऊन चमकत होतं आणि ते गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

"मला बघू दे, बाबा." अहमदने दुर्बीण त्यांच्या हातातून घेतली. क्रेनकडे न वळता त्याने आधी टाकीवर धरली, लहानपणापासून इथे तेच करत आल्यासारखं. बटण दाबलं. मग नाकावरून दुर्बीण थोडी खाली घेतली.

"चारशे एक्कावन्न."

तो वडिलांकडे वळला.

"बाबा, तुम्ही बारा म्हणालात ना?"

हम्माद रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्याशी एक शीर हलली. प्रमोदिनीला आठवलं, उपेंद्रचीही अशीच हलायची. मुरूर रस्त्याच्या चौकात सिग्नल हिरवा झालाय की अजून लालच आहे हे तो शेजारच्या गाडीच्या हालचालीवरून ठरवत असे, आणि ती शेजारी बसून बाहेरची झाडं बघत असे.

"इट्स इन यार्ड्स!" पर्णिका एकदम म्हणाली. तिला गच्चीवरची शांतता सहन झाली नव्हती. "सॉरी, अहमद. माय मिस्टेक. सेटिंग यार्ड्सचं आहे."

अहमदने फोन पुन्हा काढला, आकडे दाबले. त्याचा चेहरा उजळला.

"चारशे एक्कावन्न यार्ड म्हणजे चारशे बारा मीटर! बाबा! तुम्ही मनातल्या मनात हिशोब केलात?" त्याने वाकून वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "आंटी, बघितलंत? माझ्याकडे इंजिनियरची डिग्री आहे, मला फोन लागतो."

हम्माद हसले. हसू यायला एक क्षण उशीर झाला. मग त्यांनी मान वळवून प्रमोदिनीकडे पाहिलं, म्हणजे तिच्या आवाजाच्या जागेकडे पाहिलं, तिच्या खांद्याच्या जरा बाजूला.

त्यांना कळलं होतं की तिला कळलंय.

तिला काहीच करावं लागणार नव्हतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. सगळं आपोआप जुळून आलं होतं, गणितासकट. काळी दुर्बीण खोक्यात घालायची, पट्टा वर ठेवायचा, मब्रूक म्हणून अभिनंदन करायचं. डोंगरात काय होईल ते डोंगरात होईल. तिथे वारा असतो.

"खलास," हम्माद म्हणाले. "काळीच दे, उम्म पर्णिका. असरच्या नमाजाआधी निघू. अल ऐनला पोचायला हवं."

"तुम्ही चालवत आलात?" तिने विचारलं.

"मग कोण? हा?"

"माझ्या शेजारी बसले की यांना मळमळतं," अहमद म्हणाला. "माझ्या मुलीला रोज सकाळी शाळेत सोडतात, आंटी. ड्रायव्हर आहे घरात, तरी नाही. ती पण दुसऱ्या कुणाबरोबर जात नाही. रस्ता इतका पाठ आहे बाबांना, डोळे मिटून नेतील."

हम्मादचा हात कठड्यावरून चावीकडे सरकत आला. बोटं सिमेंटवरून चाचपत आली, घाईने नाही, सवयीने. चावीच्या वीतभर अलीकडे ती थांबली.

प्रमोदिनीने चावीवर तळहात ठेवला.

"अबू अहमद, आज अहमदला चालवू द्या."

"का?"

तिने एकदा अहमदकडे पाहिलं.

"चावी दे." आवाज खाली आला होता. वीस वर्षांत तिने त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. "उपेंद्रने मला या गच्चीवर कधी नाही म्हटलं नाही."

"आई?" पर्णिका म्हणाली.

"आंटी, काही झालं का?" अहमदने वडिलांकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. अजून अर्धा हसतच होता. "बाबांनी भाव पाडून मागितला की काय?"

तिच्या तळहाताखाली चावी उन्हाने तापलेली होती. तिने हात उचलला नाही.

"उपेंद्रलासुद्धा सगळं पाठ होतं," ती म्हणाली.

अहमदला ते कळलं नाही. पर्णिकाच्या हातातलं खोकं कठड्याला टेकलं. हम्माद जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी तोंड शाळेच्या दिशेने वळवलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं. वारा आला, डोक्यावरच्या गुत्र्याचं टोक त्यांच्या गालावर आपटलं, त्यांनी ते बाजूला केलं नाही.

"टाकी अजून निळीच आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," प्रमोदिनी म्हणाली. "निळीच आहे."

अहमदचं हसू गेलं. तो वडिलांच्या समोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, आणि त्यांच्या डोळ्यांत पाहू लागला. ते डोळे त्याच्या चेहऱ्यावर नेमके कुठे बघतायत ते तो शोधत होता.

"बाबा?"

"घरी बोलू."

"बाबा, वारा..."

"घरी."

प्रमोदिनीने हात उचलला. चावी अहमदने घेतली. थोडा वेळ ती त्याच्या हातात नुसती राहिली, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

"दुर्बीण?" पर्णिकाने विचारलं. कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं.

हम्मादनी मान हलवली. "लाल. याच्या डोळ्यांना सोसते का बघ."

"पण अंतर तुम्ही सांगायचं," अहमद म्हणाला. "मी कसं?"

"तू सांग. मी ऐकतो." त्यांनी मुलाच्या दंडावर हात ठेवला, पकडला. "यल्ला."

लिफ्टचं दार बंद झालं. पैसे कुणी दिले नव्हते, कुणी मागितलेही नव्हते. प्रमोदिनी कठड्याशी गेली. खाली लँड क्रूझरपाशी पोचल्यावर हम्माद सवयीने डाव्या, चालकाच्या दाराशी गेले, दाराच्या मुठीला हात लावला. अहमद मागे थांबून राहिला. हम्मादनी हात काढून घेतला आणि गाडीच्या पत्र्यावर बोटं टेकवत, बॉनेटला वळसा घालून, दुसऱ्या बाजूला गेले. गाडी निघायला वेळ लागला. आत अहमद सीट पुढे घेत असावा. किंवा नसावा.

प्रमोदिनी काळ्या दुर्बिणीचं सेटिंग बदलू लागली. यार्डाचं मीटर. बटण दाबून धरायचं, सोडायचं, परत दाबायचं. तिच्या हातून दोनदा चुकलं.

"आई," पर्णिका म्हणाली. मग आणखी जवळ आली, आणि या वेळी मराठीत विचारलं, शब्द एकेक वेगळा ठेवत. "बाबांना काय पाठ होतं?"

प्रमोदिनीने दुर्बीण डोळ्यांना लावली. टाकीवर धरली. आकडा आला, बरोबर आला, आणि धूसर झाला.

"आई."

"सांगते," ती म्हणाली. "बस इथे."

उपेंद्रचा अपघात झाला त्या सकाळी अल ऐनच्या रस्त्यावर धुकं नव्हतं.